चंदी वाढवली तरी घोडा का वाळतो?

लोकलमध्ये नेटवर्क गेल्यावर ज्यांचा एपिसोड अर्ध्यात लटकतो, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. माझे "म्हणजे बघा" आणि "अ‍ॅक्चुअली" थोडे छाटलेत, बाकी बोललो तसंच आहे.

विषय आला एका व्हॉइस नोटमधून. माथेरानचा एक श्रोता आहे, विशीतला. माथेरानला मोटारींना बंदी, दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जात नाही, त्यामुळे घोडा हे तिथल्या बऱ्याच घरांचं उत्पन्न. तो म्हणाला, "दादा, आमचा घोडा चंदी सगळी संपवतो, तोबऱ्यात दाणा शिल्लक ठेवत नाही, तरी दोन महिन्यांत बरगड्या मोजता येतात. लीद कधी पातळ, कधी कडक. एकदा पोटात दुखून लोळला पण. घरचे म्हणतात हरभरा वाढव. वाढवला. अजून वाळला. सीझन तोंडावर आहे, काय करू?"

मी पशुवैद्य नाही. बीटेक करून कोड लिहितो. त्यामुळे औषधांचे डोस मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण घोड्याच्या पोटाची रचना इतकी वेगळी आहे की ती एकदा कळली की "हरभरा वाढवला आणि अजून वाळला" यात आश्चर्य वाटत नाही.

तर आधी पाइपलाइन बघू. गाय आणि घोडा दोघं गवत खातात, पण गवत पचवतं कोण? जनावर स्वतः नाही. पोटातले जिवाणू ते आंबवून पचवतात. गाईत ही आंबवायची टाकी सुरुवातीला असते, खरं जठर आणि लहान आतडं नंतर. घोड्यात बरोबर उलटं. आधी छोटं जठर, मग वीसेक मीटर लांब लहान आतडं, आणि आंबवायची टाकी शेवटी. त्यातलं पहिलं पिंप म्हणजे सीकम. माणसात आपलं अपेंडिक्स ज्याला चिकटलेलं असतं ना, तेच. आपलं बोटभर, घोड्याचं जवळजवळ मीटरभर. त्याच्या पुढे मोठं आतडं, अजून मोठी टाकी. घोड्याला गवतातून मिळणारी ताकद बहुतेक इथूनच येते.

आता जठर. मोठ्या घोड्याचंसुद्धा जठर ८ ते १५ लिटरचं, म्हणजे अंगाच्या मानाने अगदी लहान. आणि त्यात अ‍ॅसिड चोवीस तास तयार होत राहतं, खाणं असो नसो. आपल्यासारखं जेवणाच्या वेळी नाही. अ‍ॅसिड शमवते लाळ, आणि घोड्याला लाळ फक्त चावताना सुटते. मोकळा घोडा दिवसातले १४ ते १६ तास चरतो, म्हणजे लाळ सतत चालू. किलोभर गवत चावायला त्याला साधारण ४० मिनिटं लागतात, किलोभर दाण्याला दहा. म्हणजे गवताच्या जागी दाणा दिला की चावणं कमी, लाळ कमी, आणि अ‍ॅसिड मात्र तेवढंच.

आणखी एक. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं परत वर येत नाही. आपण काही चुकीचं खाल्लं तर शरीर अनडू करतं. घोड्यात अनडू नाही. म्हणून जे पोटदुखणं आपल्याला रात्रभर त्रास देऊन जातं, ते घोड्याच्या जिवावर येऊ शकतं.

मग हरभऱ्याचं काय होतं? हरभरा, मका, गहू यात स्टार्च असतो. तो लहान आतड्यात पचायला हवा. पण तिथून खाणं एक ते तीन तासांत पुढे सरकतं, त्यामुळे एका वेळी जास्त दाणा आला की न पचलेला स्टार्च थेट मागच्या टाकीत पडतो. तिथे गवत पचवणारे जिवाणू बसलेले. स्टार्च आला की दुसरेच जिवाणू फोफावतात, लॅक्टिक अ‍ॅसिड बनतं, टाकी आंबट होते, आणि गवत पचवणारे मरायला लागतात. लीद पातळ होते, आंबूस वास येतो, गॅस धरतो. आणि आता तेच गवत त्याला आधीपेक्षा कमी लागू पडतं. घोडा वाळतो, आपण दाणा अजून वाढवतो. क्रॅश होणाऱ्या सर्व्हरवर अजून ट्रॅफिक सोडल्यासारखं. हे फार वाढलं तर विष रक्तात जाऊन खुरांच्या आत सूज येते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात, आणि त्यातून घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो.

आकड्यात सांगतो. साधारण नियम असा की एका वेळच्या चंदीत स्टार्च घोड्याच्या दर किलो वजनामागे एक ते दोन ग्रॅमच्या वर नको. पोटाची तक्रार असेल तर एकच ग्रॅम धरायचा. अडीचशे किलोच्या घोड्याला म्हणजे २५० ग्रॅम स्टार्च. मक्यात दोन तृतीयांशाच्या आसपास स्टार्च असतो, म्हणजे एका वेळी जेमतेम पावणेचारशे ग्रॅम मका. हरभऱ्यात स्टार्च कमी, तरी एका तोबऱ्यात अर्धा किलोच्या पुढे जाऊ नये. आमच्या श्रोत्याचा घोडा सकाळी एकदम दीड किलो खात होता.

पण थांबा. चंदी कमी केली की प्रश्न सुटला, असंही नाही. घोडा मुळात वाळायला का लागला, ते शोधायला हवं, आणि ते क्रमाने. चार उपाय एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. हे ज्यांनी शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर पाच बदल एकत्र टाकलेत, त्यांना समजेल.

सगळ्यात आधी तोंड. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून झिजत राहतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धारदार कडा येतात. गाल कापला जातो, जिभेला जखमा होतात. मग घोडा दाणा खातो, कारण तो गिळता येतो, पण कडबा चघळून चघळून बोळे थुंकतो. गव्हाणीत असे ओले बोळे दिसले, खाताना मान एका बाजूला वाकडी झाली, तोंडाला वास आला, किंवा लिदीत अख्खे दाणे आणि लांब लांब काड्या निघाल्या, तर दातांचं बघा. उपाय साधा आहे. डॉक्टर तोंडाला कमान लावून कानशीने कडा घासतात. वर्षातून एकदा तपासणी व्हायलाच हवी. आपल्याकडे नाल दर दीड-दोन महिन्यांनी बदलली जाते आणि दात आयुष्यात एकदाही बघितले जात नाहीत, हे मला फार विचित्र वाटतं.

दुसरं, जंत. इथे लोक म्हणतात, "औषध दिलंय की मागच्या वर्षी." पण कुठल्या जंताला, किती वजनाला? अंदाजाने अर्धवट डोस देत राहिलं की जंत त्या औषधाला सरावतात. खरा मार्ग म्हणजे लीद तपासणी. ताजी लीद, मूठभर, हवाबंद पिशवीत, गार जागी ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायची. ग्रॅममागे अंडी किती हे मोजून डॉक्टर औषध ठरवतात. एक धोका लक्षात ठेवा, लहान जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात आणि तेव्हा तपासणीत अंडी दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी लक्षणं डॉक्टरांना सांगा. आणि गाई-म्हशींचं जंतांचं इंजेक्शन घोड्याला परस्पर टोचू नका.

तिसरं, जठरातला अल्सर. रिकाम्या पोटी काम करणाऱ्या घोड्यांत हा खूप दिसतो. कारण वर आलंच आहे, अ‍ॅसिड सतत बनतं. घोडा दुडकत चालला की पोटाचा दाब वाढतो आणि अ‍ॅसिड जठराच्या वरच्या भागात उसळतं, जिथे संरक्षक थर नसतो. अशा घोड्याची चिन्हं म्हणजे दाणा अर्धवट सोडणं, तंग आवळताना चावायला येणं, दात खाणं, अंग खडबडीत दिसणं. इथे मला सगळ्यात स्वस्त उपाय सापडला. खोगीर घालण्याआधी अर्धा तास थोडं गवत खायला द्यायचं. गवताची चटई अ‍ॅसिडवर तरंगते आणि उसळणं कमी होतं. लसूणघास असेल तर उत्तम, त्यातलं कॅल्शियम अ‍ॅसिड शमवायला मदत करतं. अल्सर असलाच तर ओमेप्रॅझोल लागतं, पण घोड्याचा डोस आणि प्रकार वेगळा, मेडिकलमधली माणसाची पट्टी आणून चालत नाही. आणि लंगडेपणासाठी वेदनाशामक आठवडेच्या आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, कारण त्या गोळ्याच आतड्याला अल्सर करतात.

चौथं, अंगात मुरलेला आजार. थांबून थांबून ताप, हिरड्या फिक्या, पाय किंवा पोटाखाली सूज, आणि खाऊनही वाळणं, असं असेल तर सर्रा. मोठ्या चावऱ्या माशांमधून पसरतो, भारतात घोडे आणि उंट दोघांत आढळतो, रक्त तपासून कळतो आणि उपचार न झाल्यास घोडा दगावतो. गोचिडांमधूनही असा एक रक्ताचा आजार येतो. नाकातून चिकट घाण आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर ग्लँडर्सची शंका घ्या. तो माणसालाही होतो, म्हणून हात न लावता सरकारी दवाखान्यात कळवायचं.

हे चार बघितल्याशिवाय टॉनिकच्या पावडरी आणू नका. तेवढ्या पैशात लीद आणि रक्त तपासून होतं.

आता मोजमाप, हा माझा आवडता भाग. रोज बघणाऱ्याला घोडा वाळलेला कळत नाही. तंगाचं भोक एक-दोन पुढे सरकलं की कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून, छातीभोवती घेर. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आलं वजन किलोमध्ये, साधारण. आमच्या श्रोत्याने मोजलं, घेर १५०, लांबी १३०. म्हणजे २४६ किलो. घेर चार सेंटिमीटरने उतरून १४६ झाला तर वजन येतं २३३. टेपवरचे चार सेंटिमीटर म्हणजे तेरा किलो! डोळ्याला तेवढं दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, त्याच माणसाने मोजून मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायचं, आणि बाजूने एक फोटो.

टेपसोबत हातही हवा. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये डॉन हेनेके यांनी घोड्याच्या अंगाला १ ते ९ गुण द्यायची पद्धत मांडली, ती आज जगभर वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. ५ वर बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. पोटावर जाऊ नका. निकृष्ट चारा आणि जंत असले की पोट गोल दिसतं आणि पाठीचा कणा मात्र वर आलेला असतो.

खायला काय द्यायचं? पाया चाराच. दिवसाला वजनाच्या दोन टक्के तरी, कोरड्या हिशेबाने. आपल्या २४६ किलोच्या घोड्याला म्हणजे पाच किलो कोरडा माल, वाळलेल्या गवताचा धरला तर साडेपाच-सहा किलो. वाळलेल्याला अजून थोडं जास्त. हिरव्या गवतात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे "वीस किलो हिरवं घातलं" हे ऐकायला मोठं वाटतं, तेवढं नसतं. चारा रात्रीसुद्धा समोर असू द्या. सात-आठ तासांचा उपास घोड्याच्या पोटाला सोसत नाही. नुसता जाड कडबा असेल तर त्यातून ताकद कमी मिळते, दात खराब असतील तर अजून कमी. कुट्टी करा, लसूणघास मिसळा. चारा जमिनीवर टाकू नका, माथेरानच्या लाल मातीसकट तो पोटात जातो आणि मोठ्या आतड्यात बसतो. गोणपाट किंवा टब ठेवा.

ताकद वाढवायला दाण्यापेक्षा तेल बरं. वजनाला वजन धरलं तर तेलात दाण्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते आणि मागची टाकी आंबट होत नाही. घोड्याला पित्ताशयच नसतं, पित्त थेंबथेंब सतत आतड्यात पडत असतं, तरी तेल पचवायला तो शिकतो, फक्त हळूहळू. दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत शंभर मिलिलिटरपर्यंत. कुठलाही बदल, चाऱ्याचासुद्धा, दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा. मागच्या टाकीतल्या जिवाणूंना नवीन मेनूची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

गव्हाच्या कोंड्याबद्दल माझं मत वाईट आहे. लोक त्याला हलकं समजतात. पण कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. रोज मुख्य खाणं म्हणून दिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, आणि चेहऱ्याची हाडं फुगून मऊ पडतात. बुरशी लागलेला मका तर मेंदूवर जातो, तो फेकूनच द्या. पावसात कापलेलं ओलं गवत ढीग करून ठेवलं की गरम होतं, तेही नको. आणि कोंबड्यांचं खाद्य कधीच नाही. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, काही गुरांच्या खाद्यातही असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र अगदी थोड्या मात्रेतही निकामी करतं.

घोडा नुसता बारीक नसून उपाशी राहून अगदी सापळा झाला असेल, तर गणित बदलतं. अशा घोड्याला एकदम दाणा घातला तर रक्तातले क्षार ढासळून तो काही दिवसांत मरू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी यावर काम केलंय. त्यांचा मार्ग म्हणजे सुरुवातीला फक्त लसूणघास, थोडाथोडा, दर चार तासांनी, आणि डॉक्टरांच्या देखरेखीत.

पाणी विसरू नका. गरम दिवसात काम करणाऱ्या छोट्या घोड्यालाही वीस-पंचवीस लिटर लागतं. सोबत रोज पंचवीसेक ग्रॅम साधं मीठ. पाणी कमी पडलं की कोरडा कडबा आतड्याच्या वळणावर अडकतो, आणि मग पोटशूळ.

पोटशुळाचं आता नीट ऐका, कारण इथे वेळ तासांत मोजतात. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, वरचा ओठ वर करतो, बसतो, उठतो, लोळतो, लीद थांबते. निरोगी घोडा दिवसात आठ-दहा वेळा लीद टाकतो. आरामातल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, जबड्याखाली बोट ठेवून मोजता येते. ६० च्या वर गेली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर. ओळखीचा डॉक्टर नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर, आत्ताच सेव्ह करा. तोवर खाणं काढून घ्या, लोळून इजा होईल असं वाटलं तर हळू चालवा, पळवू मात्र नका. आणि बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तोंडात तेल ओतणं, हे प्लीज बंद करा. ते फुप्फुसात जातं आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकातून नळी थेट जठरात घालतात. उलटी होत नाही ना, म्हणून साठलेलं बाहेर काढायचाही तोच रस्ता. परस्पर वेदनेचं इंजेक्शनही नको. दुखणं झाकलं जातं, आतडं पिळलेलं असेल तर ते तसंच राहतं.

शेवटचा प्रश्न त्याने नंतर टाइप करून पाठवला, "सीझनला धंद्यावर काढू का?" भावा, २४६ किलोच्या घोड्यावर खोगीर धरून वजनाच्या वीस टक्के, म्हणजे ४९ किलोच. मोठ्या माणसाचं वजन त्याच्या वर जातं, आणि हा हिशेब धडधाकट घोड्याचा आहे. वाळलेल्याची पाठीची मांसपेशी गेलेली असते, खोगीर थेट हाडावर बसतं, जखमा होतात. म्हणून दात आणि लिदीचा रिपोर्ट येईपर्यंत पूर्ण आराम, नंतर फक्त लहान मुलांच्या छोट्या फेऱ्या, त्याही आधी गवत खाऊ घालून. मला माहितीये, दिवाळीच्या सुट्टीतल्या फेऱ्या बुडतात, आणि हप्ता काही थांबत नाही. दुसरा घोडा घरात असेल तर त्याच्यावर दुप्पट काम टाकू नका, नाहीतर डिसेंबरला दोघांचा टेप घ्यावा लागेल. फरक कधी दिसेल? लीद दोन-तीन आठवड्यांत सुधारते, टेपवर काही हलायला महिना लागतो, आणि पाठ भरायला तीन ते पाच महिने. तंगाचं भोक परत एक मागे आलं की तारीख लिहून ठेवा आणि फोटो पाठवा.